संकेतस्थळाचे रंग

धर्मग्रामाचे संकेतस्थळ काढावे, असा उत्साह हल्ली आमच्या तरुण मंडळींत जागोजागी दिसतो. सीमाभागातील लहान गावांतूनही मिस्सेच्या वेळा, लग्नाच्या घोषणा, अंत्यविधीच्या सूचना आता मोबाईलवर वाचावयास मिळतात, ही समाधानाची गोष्ट होय. अशाच काही तरुणांनी आम्हांस विचारले आहे की, संकेतस्थळास रंग कोणते द्यावेत? प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. आम्हांस मात्र तो तसा वाटत नाही.

एका धर्मग्रामात घडलेली हकिकत आमच्या कानी आली आहे. तेथे एका बाईंच्या दफनविधीची वेळ सायंकाळी चारऐवजी सकाळी अकरा अशी बदलली. नवी वेळ उठून दिसावी म्हणून ती संकेतस्थळाच्या पांढऱ्या पानावर पिवळ्या अक्षरांत घालण्यात आली. जुनी वेळ खाली काळ्या अक्षरांत तशीच राहिली. मृत बाईंची थोरली बहीण दुसऱ्या गावी राहत असे. नातवाने मोबाईल आजीच्या हाती दिला, तेव्हा तिला काळी अक्षरे दिसली, पिवळी दिसली नाहीत. ती चार वाजता दफनभूमीत पोहोचली, तो माती लोटून कित्येक तास झाले होते. बहिणीचे मुख तिला शेवटचे पाहता आले नाही. सूचना घालणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

तेव्हा रंग निवडताना प्रथम पाहावयाचे ते अक्षर आणि पान यांच्या उजळपणातील अंतर. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत हे अंतर गुणोत्तराने मोजले आहे. शुभ्र पानावर काळे अक्षर असल्यास गुणोत्तर २१ ला १ येते. साध्या आकाराच्या मजकुरास ते निदान ४.५ ला १ असावे. मोठ्या मथळ्यास ३ ला १ चालते. आता पांढऱ्यावर शुद्ध पिवळा घेतला, तर गुणोत्तर जेमतेम १.०७ भरते, म्हणजे लिहिले न लिहिले सारखेच. झगझगीत लाल ४ च्या आसपास येतो. मथळ्यास तो पुरे, बारीक मजकुरास किंचित तोकडा. शुद्ध निळा ८ च्या पुढे, गडद जांभळा ९ च्या पुढे जातो. नाताळच्या शुभेच्छा हिरव्यावर लाल अक्षरांत काढण्याची तर सर्वांसच हौस! परंतु नेहमीच्या गडद हिरव्यावर शुद्ध लाल अक्षर काढले, तर ते गुणोत्तर १.३ सुद्धा धड भरत नाही. रंग दोन असले तरी उजेड दोघांचा जवळजवळ एकच, म्हणून अक्षर डोळ्यांपुढे नुसते थरथरते.

आणि ज्यांस लाल व हिरवा यांतील भेदच कळत नाही, त्यांचे काय? परमाणुसिद्धान्तामुळे प्रसिद्धी पावलेले इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी १७९४ साली मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढे आपल्याच दृष्टीतील हा दोष वर्णन करून सांगितला. १८४४ साली ते निवर्तल्यावर त्यांचे डोळे तपासण्यात आले व जपूनही ठेवण्यात आले. पुढे १९९५ साली त्यांतील जनुकांची परीक्षा झाली, तेव्हा कोठे मूळ कारण उमगले. हा दोष बहुधा मातेकडून पुत्राकडे येतो, म्हणून पुरुषांत तो अधिक. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तो शेकडा ८ जणांस असतो. आपल्या देशात प्रमाण त्याहून कमी आढळते. कित्येकांस तर आपणांस हा दोष आहे, याची जाणीवही नसते. आता मराठी मिस्सा हिरव्या रंगाने, कोंकणी मिस्सा लाल रंगाने आणि कन्नड मिस्सा तपकिरी रंगाने दाखविणारे वेळापत्रक अशा माणसाच्या हाती पडले, तर वाडीवरून तीन मैल चालून येऊन तो भलत्याच मिस्सेस उभा राहावयाचा. रंग खुशाल द्यावा. पण त्यासोबत भाषेचे नावही लिहावे.

आपल्या लिपीचीही एक अडचण आहे. देवनागरीतील अनुस्वार, रफार, मात्रा ही फार नाजूक चिन्हे होत. फिक्या करड्या रंगात ती प्रथम नाहीशी होतात, आणि 'वंदन' लिहिले असता 'वदन' वाचले जाते. उतारवयात डोळ्यांतील भिंग पिवळसर होत जाते, त्यात मोतीबिंदूची भर पडते. फिका निळा व फिका जांभळा म्हाताऱ्या माणसांस म्हणूनच नीट दिसत नाहीत. शिवाय शहरातील कचेरीत बसून रंग पसंत करणाराने हेही ध्यानी घ्यावे की, आमचा वाचक तीच सूचना बांधावर, भर उन्हात वाचतो. पसंतीपूर्वी मोबाईल अंगणात नेऊन घरातील सर्वांत वडील माणसाच्या हाती द्यावा, ही परीक्षा आम्हांस सर्वांत खरी वाटते.

मग सुंदर रंगांस मज्जावच काय? मुळीच नाही. ख्रिस्तसभेने रंगांचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. पुढे पोप झालेल्या इनोसंट तिसरे यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या ग्रंथात उपासनेतील पांढरा, तांबडा, काळा व हिरवा या मुख्य रंगांचा अर्थ विशद केला. आजही मोजक्या रंगांच्या झग्यांत आपली वर्षभराची उपासना शोभून दिसते, हे संकेतस्थळावर दहा-बारा रंग उधळणाऱ्यांनी पाहावे. आमची सूचना अशी की, मजकूर सदैव पांढऱ्यावर काळा असावा. वरची पट्टी तेवढी उपासनाकाळाप्रमाणे बदलावी. आगमनकाळी व उपवासकाळी जांभळी, सामान्य काळात गडद हिरवी, पवित्र आत्म्याच्या व हुतात्म्यांच्या सणांस गडद तांबडी. या तिन्हींवर पांढरे अक्षर स्वच्छ दिसते. नाताळ व पुनरुत्थानकाळाचा रंग पांढरा. तेव्हा पट्टीस सोनेरी काठ द्यावा, परंतु सोनेरी अक्षरांचा मोह टाळावा. राहता राहिला गुलाबी. तो आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या, अशा वर्षातून दोनच रविवारी येतो. त्या दिवशी पट्टी गुलाबी करावयाची असल्यास तिजवरील अक्षरे काळी ठेवावीत.