बंदूक वारशाने मिळते, परवाना नव्हे

खास प्रतिनिधी

पावस (जि. रत्नागिरी) : स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळे महाराष्ट्रभर परिचित असलेले पावस हे हापूसच्या पट्ट्यातीलही एक नावाजलेले गाव. आंब्या-नारळाच्या बागा आणि त्यांना लागून असलेली रानझाडी यांमुळे रानडुकरे व माकडांचा उपद्रव या भागाला नवा नाही. म्हणूनच कोकणातील अनेक जुन्या घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची अथवा काडतुसाची बंदूक सांभाळली जात आली. आता प्रश्न आहे तो या बंदुकांच्या पुढील पिढीचा. परवानाधारक थकले वा निवर्तले, मुले मुंबई-पुण्यात स्थिरावली आणि बंदूक मात्र गावच्या घरीच राहिली. ती विकावी, नावावर करून घ्यावी की पोलिस ठाण्यात जमा करावी, याचा निर्णय बहुतेक घरांत ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून लांबणीवर पडतो. कायद्याच्या दृष्टीने नेमकी हीच टाळाटाळ धोक्याची आहे.

४५ दिवसांची अट

जुनी बंदूक विकणे म्हणजे जुनी मोटारसायकल विकणे नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवानाधारकाला आपली बंदूक दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकता येते. मात्र त्यापूर्वी खरेदीदाराचे नाव व पत्ता नमूद करून जिल्हा दंडाधिकारी अथवा नजीकच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. खरेदीदाराकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना असणे अर्थातच अनिवार्य.

परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास घरातील बंदूक आपोआप वारसाची होत नाही. कलम २१ अन्वये ती विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाप्राप्त विक्रेत्याकडे जमा करावी लागते. जमा केली म्हणजे हक्क संपला, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. विहित मुदतीत वारसाला स्वतःचा परवाना काढून ती परत घेता येते किंवा पात्र व्यक्तीला विकता येते. मुदत उलटली, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू आहे.

मृत्यूची वाट न पाहता हस्तांतर करण्याचा मार्गही उपलब्ध आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. वडील हयात असतानाच हे काम उरकणे केव्हाही श्रेयस्कर.

मोल कशाला?

या बाजारात सर्व बंदुकांना सारखा भाव नाही. खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करण्याची वाट १९८० च्या दशकात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे सुस्थितीतील जुन्या विलायती बारा बोअर बंदुकांना हौशी परवानाधारकांकडून मागणी राहिली. ठासणीच्या बंदुकीचे तसे नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना त्यात नमूद केलेल्या क्षेत्रापुरताच चालतो. साहजिकच तिला गिऱ्हाईक मिळायचे ते दुसऱ्या शेतकऱ्यांतच. त्यांचीही नवी पिढी शेतीपासून दूर जात असल्याने खरेदीदार दुर्मीळ झाला आहे.

शिवाय, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने शिकारीवर बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीला वावच उरला नाही. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्यासाठीही कलम ११ अन्वये वनविभागाची परवानगी आवश्यक असते. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे सोपविला. कोकणातील बागायतदाराच्या हाती मात्र बहुधा बार काढून जनावर पिटाळण्याचाच उपाय उरतो.

त्यातही निवडणूक आली की शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागू झाली आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे रोजी मतदान झाले. म्हणजे आंब्याचा ऐन हंगाम त्यातच गेला. सरसकट जप्तीऐवजी प्रत्येक प्रकरणाची छाननी करण्यासाठी जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यांबाबत तिने हंगामाचे भान ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

दुर्बिणीचा सुटसुटीत बाजार

बंदुकीसोबत अनेक घरांत जुनी दुर्बीणही सापडते. साध्या दुर्बिणीला परवाना लागत नाही आणि पक्षिनिरीक्षकांकडून तिला मागणीही आहे. मात्र कोकणच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. घेणाऱ्याने भिंग उजेडासमोर धरून जाळीसारखे डाग पाहावेत. दोन्ही नळ्यांतून एकच प्रतिमा दिसते की दोन, हेही तपासावे. प्रतिमा दुहेरी दिसत असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीहून अधिक होऊ शकतो. भिंतीवरील शिंगे वा कातडे यांची गोष्ट मात्र वेगळी. मालकीचे प्रमाणपत्र असले तरी त्यांची विक्री करता येत नाही.

सुलभता की शिथिलता?

परवानाधारी बंदुका कमी होणे चांगलेच, असे मत शहरी वाचकाचे असू शकते. बेकायदा शिकार आणि बंदुकीचे अपघात पाहता ते सर्वस्वी चुकीचेही नाही. पण कायदेशीर बंदुकीची नोंद असते, तिचा धनी ठाऊक असतो. रानात लावलेल्या तारेच्या फासकीला ना नोंद, ना धनी. डुकरासाठी लावलेल्या अशा फासकीत बिबट्या अडकल्याच्या घटना रत्नागिरी जिल्ह्यात घडल्या आहेत. संरक्षणाचा वैध मार्ग क्लिष्ट झाला की अवैध मार्ग स्वस्त वाटू लागतो, हा धडा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

म्हणूनच गरज आहे ती नियम सैल करण्याची नव्हे, तर ते लोकांपर्यंत पोहोचविण्याची. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात. त्या काळात तालुका पातळीवर वारस हस्तांतर, विक्रीची सूचना आणि शस्त्र जमा करण्यासाठी शिबिरे भरविली, तर वर्षानुवर्षे रेंगाळलेली प्रकरणे मार्गी लागू शकतील. तोपर्यंत गावच्या घराचे कुलूप उघडणाऱ्या प्रत्येकाने माळ्यावरील बंदुकीचा परवाना कोणाच्या नावे आहे आणि त्याची मुदत कधी संपते, एवढे तरी पाहून घ्यावे.