सव्वासहानंतरची पाळी

नोकरी करणाऱ्या मातेने आपला दिवस शांतपणे व एकाग्रतेने कसा आखावा, याविषयीच्या उपदेशाचा सध्या सुकाळ आहे. पहाटे उठावे, कामांची यादी करावी, एका वेळी एकच काम हाती घ्यावे, स्वतःसाठी अर्धा तास राखून ठेवावा. यातले काहीच चुकीचे नाही. परंतु ज्या स्त्रीला हा उपदेश केला जातो तिचा दिवस मुळात कोणाच्या मालकीचा आहे, हा प्रश्न उपदेशक विचारीत नाहीत.

हदगावसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत लिपिक असलेल्या स्त्रीचे उदाहरण घ्यावे. ती पाचला उठलेलीच असते. पाणी भरणे, भाकऱ्या, डबे, मुलाचे दप्तर, सासूबाईंचे औषध हे सारे उरकून ती कचेरी गाठते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवार मोकळा मिळाला हे खरेच; पण त्याची किंमत रोजच्या वेळेतून वसूल करण्यात आली. कचेरी पावणेदहाला भरू लागली आणि सव्वासहाला सुटू लागली. हिवाळ्यात ती बाहेर पडते तेव्हा अंधारून आलेले असते, आणि नांदेडहून ये-जा करणारीपुढे ६५-७० किलोमीटरचा रस्ता तर अजून उरलेलाच असतो. मुलाची शाळा मात्र पाचच्या सुमारास सुटते. मधला सव्वा-दीड तास मूल कोठे असते? आजी असली तर आजीजवळ, नाहीतर शेजारणीकडे, नाहीतर रस्त्यावर. त्या दीड तासाची चिंता चार वाजल्यापासूनच तिच्या टेबलाशी येऊन बसते. तिची एकाग्रता भंगते ती तेथे. मनोनिग्रह कमी पडतो म्हणून नव्हे.

आणि सव्वासहानंतर दुसरी पाळी सुरू होते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषाचीही नऊ वाचली! घरातील श्रमविभागणी आहे तेथेच आहे.

वेळेचा प्रश्न कामगार चळवळीला नवा नाही. एप्रिल १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची जी प्रचंड सभा भरविली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली होती. त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली. सुटीचा दिवस हा कामगाराच्या शिस्तीचा प्रश्न आहे, असे लोखंड्यांनी मानले नाही. तो मालकाकडून मिळवावयाचा हक्क मानला. मातेच्या शांत तासाकडे मात्र आजही तिच्या वैयक्तिक कौशल्याचा विषय म्हणून पाहिले जाते.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची तरतूद केली. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांवर नेली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचे बंधन घातले. पुढे ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आले. परंतु तालुक्याच्या गावी एका छपराखाली ५० माणसे काम करतात अशा जागा किती? दुकानात, खाजगी दवाखान्यात, पतपेढीत काम करणारी स्त्री या आकड्याच्या अलीकडेच राहते.

शेतमजूर स्त्री तर कोणत्याच आकड्यात नाही. कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पऱ्हाटीच्या ओळीतून बाजूला होऊन झाडाला बांधलेल्या झोळीतल्या लेकराला तिने पाजले, तर तेवढा कापूस कमी भरतो आणि तेवढे पैसे कापले जातात. मातृत्वाचा दंड इतक्या उघडपणे तराजूवर अन्यत्र क्वचितच तोलला जात असेल! २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याने कामावर सावली, पाणी व मुलांची व्यवस्था ही तत्त्वतः मान्य केली होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर सहा वर्षांखालची पाच मुले आली की त्यांच्याजवळ एका बाईला मजुरी देऊन बसवावे, असे स्पष्ट कलम होते. ते कलम कामावर फारसे उतरले नाही, यात मागणी न करणाऱ्या कार्यकर्त्यांचाही वाटा आहे.

अंगणवाडी आहे, असे उत्तर यावर मिळते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला जे काम आरंभिले, त्याचे ऋण मोठे आहे. पण १९७५ च्या योजनेतून गावोगाव पोहोचलेली अंगणवाडी चारेक तास चालते, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला तेथे बहुधा आहाराचे पाकीट मिळते, बसावयास जागा नाही. शिवाय ती चालविणारी सेविका स्वतःच नोकरी करणारी माता असून पगाराऐवजी मानधनावर राबते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील सेविका व मदतनीस ५० दिवसांहून अधिक काळ संपावर राहिल्या, त्यांचे गाऱ्हाणे हेच होते.

म्हणून हदगावात मागणी करावयाची ती अगदी साधी आहे. तहसील, पंचायत समिती, रुग्णालय, शाळा व बाजारपेठ यांतील सर्व स्त्रियांसाठी मिळून एक पाळणाघर हवे. ते सकाळी नऊला उघडावे, सायंकाळी सातपर्यंत चालावे, आणि तेथील बाईला मानधन नव्हे, वेतन मिळावे. शेतमजुरांच्या वस्तीत, वेचणीच्या हंगामात तरी, त्याची एक शाखा असावी.

ही मागणी घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरी काय चालते, हेही पाहणे भाग आहे. समतेवरचा ठराव रात्री दहाला मंजूर होतो, तेव्हा चहाचे कप विसळणारी बहुधा दिवसभर शाळेत शिकवून आलेली असते. तालुका शाखेच्या बैठका रात्री आठला ठेवल्या जातात, आणि मग स्त्री-सभासद येत नाहीत म्हणून अहवालात खेद व्यक्त होतो. पुढची बैठक रविवारी दुपारी तीनला ठेवावी, शेजारच्या खोलीत सतरंजी अंथरून दोन पुरुष कार्यकर्त्यांनी मुले सांभाळावीत, आणि त्या दोघांची नावे बैठकीच्या सूचनापत्रातच छापावीत.