बाटली आडवी झाली, पण…

वस्तीतले दारूचे दुकान बंद करायला आपण बायका मतदानाला उतरतो, बाटली आडवी करतो. पिणाऱ्याच्या बायकोसाठीही आपल्याकडे सल्ला तयार असतो. पण स्वतः पिणारी बाई आली तर? तिला कुठे पाठवायचे, हे किती जणींना ठाऊक आहे?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला फी नाही. दारू सोडायची इच्छा पुरते. मात्र सभा बहुधा संध्याकाळी, पुरुषांनी भरलेली. स्वयंपाकाच्या वेळी बाहेर पडणाऱ्या बाईला आधी सासूला उत्तर द्यावे लागते! १९८६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग निघाला. पण उपचार घेऊन ती घरी परतते, तेव्हा जवळपास कोण असते?

आपल्या केंद्राची खोली दुपारी रिकामी असते. आठवड्यातून एकदा ती अशा बायकांच्या गटाला द्यावी, आणि आपण कार्यकर्त्यांनी तेव्हा बाहेर थांबावे.