पणजोबांचा नंबर

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मराठी वस्त्यांत आरत्या होतात, कोकणातल्या जाखडीची आठवण करून देणारी ‘झाकरी’ रंगते. मात्र तिथल्या मराठी माणसाला ‘तुमचे मूळ गाव कोणते?’ असे विचारले, तर तो बहुधा घुटमळतो. पूर्वज मुंबई बंदरातून जहाजाने आले, एवढेच घरात ऐकलेले असते.

त्या गावाचा पत्ता सापडू शकेल असे एक ठिकाण बेटावरच आहे. मोका येथे भारत आणि मॉरिशस यांच्या सहकार्याने १९७० साली उभी राहिलेली महात्मा गांधी संस्था. तिच्या दप्तरखान्यात भारतातून आलेल्या मजुरांची जुनी रजिस्टरे जपलेली आहेत. आता ती कॉम्प्युटरवर घेतली गेली असल्याने नाजूक पाने वारंवार उलटावी लागत नाहीत.

या रजिस्टरांची कहाणी १८३४ पासून सुरू होते. गुलामगिरी बंद झाली तेव्हा उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते. मग भारतातून करारावर माणसे नेण्याची पद्धत पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर उतरले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून आले. मुंबईहून आलेल्यांचा वाटा लहान होता. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या सोळा दगडी पायऱ्या चढून ही माणसे नव्या मुलखात शिरत. तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे.

पायऱ्या चढल्या की प्रत्येकाला एक नंबर मिळे. त्या नंबरापुढे कारकून लिही: नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, परगणा, गाव, जहाज आणि कोणत्या मळ्यावर रवानगी. बाईलाही तिचा स्वतःचा नंबर असे. आपल्याकडच्या कितीतरी वंशावळींत लेकीसुनांची नावे शोधून सापडत नाहीत. इथे मात्र एखाद्या पणजीची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने, तिच्या बापाच्या नावासह सापडू शकते.

अर्थात हे सारे मजुरांच्या कौतुकासाठी लिहिलेले नव्हते. कोण कामावर आहे, कोण पळाला, हे सरकारला हवे होते. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या माणसालाही स्वतःचा फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगण्याची सक्ती झाली. तिकीट नसले की शिपाई पकडून नेत. पाळत ठेवण्यासाठी काढलेला तोच फोटो आज एखाद्या कुटुंबाकडे असलेले खापरपणजोबांचे एकमेव चित्र ठरतो. ज्या नंबराने माणसाची ओळख पुसली, तोच नंबर आज त्याच्या वंशजांना ती ओळख परत मिळवून देतो.

मात्र नंबर सापडला की लगेच गावाची वाट सापडते असे नाही. कारकुनाने मराठी नाव कानाला लागेल तसे इंग्रजी अक्षरांत उतरवले. पुढे मूळ पुरुषाचे नावच अनेक घराण्यांचे आडनाव होऊन बसले. गावांच्या नावांचीही तीच गत. आणि नुसते ‘वडगाव’ लिहिलेले असले, तर महाराष्ट्रात वडगावे किती, हे टपाल खात्यालाच विचारावे! म्हणून गावाबरोबर परगणा आणि जिल्हा पाहावा लागतो.

तेव्हा उपयोगी पडतात इकडची जुनी पुस्तके. रत्नागिरी आणि सावंतवाडीचे गॅझेटियर १८८० साली छापले गेले. ते आता इंटरनेटवर घरबसल्या वाचता येते आणि जुन्या तालुक्या-गावांची माहिती त्यात मिळते. पुढचा धागा मात्र गावातच शोधावा लागतो: देवळात, भावकीत, मोडी कागदांत आणि जिल्ह्याच्या वाचनालयात. रत्नागिरीचे नगर वाचनालय तर १८२८ चे, म्हणजे मजुरांचे पहिले जहाज मॉरिशसला लागले त्याच्याही आधीचे.

हा शोध आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशसच्या दौऱ्यात जाहीर केले, की तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड मिळू शकेल. त्यासाठी पूर्वज भारतातून आल्याचा पुरावा हवा. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या मजुराचा असा पुरावा या रजिस्टरांखेरीज आणखी कुठे असणार? आधी आपल्या, मग आईवडिलांच्या, मग आजीआजोबांच्या जन्म-विवाहाचे दाखले जोडत मागे जायचे आणि शेवटी त्या नंबरापाशी पोचायचे, अशी ही वाट आहे.

हे वाचून आपल्याकडच्या घरांनीही एक गोष्ट जरूर करावी. मॉरिशसच्या मजुरांची नोंद परक्या सरकारने स्वतःच्या सोयीसाठी का होईना, पण ठेवली. नोकरीसाठी इंदूर, बडोदा, बंगलोर गाठलेल्या आपल्या आजोबांची अशी नोंद कोण ठेवणार? घरात कुणी ऐंशी-नव्वदीचे माणूस असेल, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. नाव, गाव, तालुका, कुलदैवत, आणि आजीचे माहेरसुद्धा लिहून घ्यावे. कॉम्प्युटर कितीही हुशार झाला, तरी कुणीच लिहून न ठेवलेले नाव त्याला शोधता येत नाही.