ओझोनचे यंत्र घरात आणण्याआधी

वर्षावासात विहारांमध्ये माणसे जमतात आणि माणसे जमतात तिथे विक्रेतेही येतात. पूर्वी त्यांच्या पिशवीतून पाणी शुद्ध करायची यंत्रे निघत. आता भाजी-फळे 'विषमुक्त' आणि खोलीची हवा 'जंतुमुक्त' करणारी ओझोनची पेटी निघते. महिला मंडळासमोर प्रात्यक्षिक होते, बचतगटातून हप्ता बसवला जातो आणि घेणाऱ्या बाईलाच वर सांगितले जाते, ताई, आणखी दोघींना जोडा. या यंत्राबद्दल आम्हाला वारंवार विचारले जाते, म्हणून आमचे मत आधीच सांगून टाकतो. हवा शुद्ध करण्यासाठी हे यंत्र राहत्या घरात आणू नये. भाजीसाठी आधीच घेतले असेल, तर पुढे सांगितलेली काळजी घेतल्याशिवाय चालवू नये.

ओझोनचा थर म्हणजे पृथ्वीची छत्री, हे आपण सगळे शाळेत शिकलो. विक्रेता त्याच आठवणीवर धंदा करतो. पण ती छत्री आहे जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर. तोच वायू आपल्या नाकाच्या पातळीवर आला की प्रदूषण ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मानकांमध्ये धूलिकण, गंधकाचा वायू यांच्याच रांगेत ओझोनचे नाव आहे. एका तासाची मर्यादा घनमीटरमागे १८० मायक्रोग्रॅम, आठ तासांची १००. माहितीपत्रकात याला 'ॲक्टिव्ह ऑक्सिजन' म्हणतात. नाव गोड आहे. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनमध्ये दोन अणू असतात, यात तिसरा चिकटवलेला असतो. तो सुटा होऊन समोर येईल त्याच्याशी भिडतो. समोर जंतू आहे की आपल्या लेकराच्या फुफ्फुसाचे अस्तर, हे त्याला कळत नाही.

गोम इथेच आहे. हवेतले जंतू खरोखर मारायचे तर ओझोन इतका लागतो की त्या खोलीत माणसाने थांबू नये. आणि माणसाला सोसेल इतकाच ओझोन सोडला, तर जंतूंचे फारसे काही बिघडत नाही. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था वर्षानुवर्षे हेच सांगत आली आहे. कॅलिफोर्नियात तर ०.०५ पीपीएमपेक्षा जास्त ओझोन सोडणारे घरगुती हवाशुद्धी यंत्र विकताच येत नाही. 'बाटलीबंद पाण्यातही ओझोन वापरतात' हा विक्रेत्याचा दाखला मात्र खरा आहे. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी ओझोन वापरला गेला. पण तिथे बंद टाक्या असतात, मोजणारी उपकरणे असतात, शिकलेले कामगार असतात. आपल्या ओट्यावर यातले काय असते?

थोडा हिशेब करू. भाजी धुण्याच्या यंत्रावर बरेचदा ताशी ४०० मिलिग्रॅम असे लिहिलेले असते. म्हणजे पंधरा मिनिटांत १०० मिलिग्रॅम. झोपडपट्टी पुनर्वसनातले जुने घर २२५ चौरस फुटांचे. उंची नऊ फूट धरली तर आत साधारण ५७ घनमीटर हवा. सगळा ओझोन हवेत आला, तर घनमीटरमागे सुमारे १,७५० मायक्रोग्रॅम होतो, म्हणजे एका तासाच्या मर्यादेच्या जवळजवळ दहापट. तसा तो सगळा हवेत येत नाही. काही पाण्यात आणि भाजीवर खर्च होतो, काही भिंतींना, कपड्यांना लागून संपतो. म्हणून चारातले तीन हिस्से वजा करा. तरीही आकडा मर्यादेच्या दुपटीहून जास्त राहतो. बंगल्यातल्या मोठ्या स्वयंपाकघरात हेच यंत्र कदाचित खपून जाईल. जिथे स्वयंपाक, अभ्यास आणि आजीची खाट एकाच खोलीत आहे, तिथे नाही. विक्रेते हे कधीच सांगत नाहीत, म्हणून आम्ही मुद्दाम मांडले.

आता प्रात्यक्षिकातला फेस. कोंबडीचे मटण पाण्यात टाकून यंत्राची नळी सोडतात, वर मळकट फेस येतो आणि 'बघा किती केमिकल निघाले' म्हणून टाळ्या होतात. मांसातली प्रथिने पाण्यात उतरली की नुसत्या हवेच्या बुडबुड्यांनीही फेस येतो. खात्री करायची असेल तर माशांच्या टाकीचा साधा हवेचा पंप त्याच पाण्यात लावून पाहा. भाजीच्या आत मुरलेले कीटकनाशक ओझोन बाहेर काढत नाही. वरवरचे काही अंश तो मोडतो, पण वरवरचे बरेचसे वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्यानेही जाते. कोबीची बाहेरची पाने काढावीत, काकडी सोलावी. याला हप्ता नाही.

यंत्र भरवशाचे आहे की नाही हे चकचकीत डब्यावरून कळत नाही. ताशी इतके मिलिग्रॅम हा आकडा कोरड्या ऑक्सिजनवर मोजला की साध्या हवेवर, हे विचारा. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमट हवेत हा आकडा खाली येतो. शिवाय ओल्या हवेत विजेची ठिणगी पडून नायट्रोजनची आम्ले तयार होतात आणि यंत्र आतून खराब होत जाते. आयएसओचे प्रमाणपत्र कंपनीच्या कामकाजाचे असते, ते वस्तूच्या गुणाचे नव्हे. नेमक्या त्याच मॉडेलचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागा. त्यात खोलीच्या हवेत किती ओझोन राहतो हे असायला हवे. विक्रेता विषय बदलू लागला तर उत्तर मिळाले असे समजा.

ज्यांनी यंत्र घेतलेच आहे त्यांनी ते गॅलरीत किंवा खिडकीशी, पंखा बाहेर हवा फेकेल असे ठेवून चालवावे. त्या वेळी घरात कोणी थांबू नये. लहान मुले, गरोदर बाई, दम्याचे रुग्ण आणि पिंजऱ्यातला पोपट, यांना आधी बाहेर न्यावे. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा तिखट वास आला की यंत्र बंद करावे. थोड्या वेळाने वास येईनासा झाला तर ओझोन संपला असे समजू नये, कारण नाक त्या वासाला सरावते. लिंबाच्या वासाचे फिनाईल मारलेल्या खोलीत तर यंत्र लावूच नये, त्या वासातल्या द्रव्याशी ओझोन मिळून फॉर्मल्डिहाइड तयार होते. यंत्र पाण्याच्या भांड्यापेक्षा उंचावर ठेवावे, नाहीतर बंद केल्यावर पाणी नळीतून उलटे आत शिरते, आणि आत हजारो व्होल्टचा दाब असतो. साधी रबरी नळी ओझोनने तडकते, तेव्हा ती अधूनमधून वाकवून पाहावी. खोकला, छातीत आवळल्यासारखे होणे, डोळे चुरचुरणे हा त्रास काही तासांनीही उमटू शकतो. दम्याच्या माणसाने मोकळ्या हवेत जाऊन डॉक्टरांनी दिलेला पंप घ्यावा. धाप थांबत नसेल तर १०८ ला फोन करावा.

आम्हाला सर्वांत जास्त राग येतो तो मधुमेहाच्या, कॅन्सरच्या रुग्णाला 'ओझोनचे पाणी प्या, कानात नळी धरा' असे सांगणाऱ्यांचा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत ओझोन हा विषारी वायू असून त्याचा ज्ञात वैद्यकीय उपयोग नाही, असे लिहिलेले आहे. आपल्याकडे मधुमेह आणि कॅन्सर बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. यांच्या नादाने कोणाची इन्शुलिनची सुई सुटली तर त्याचा जीव जाऊ शकतो. विहाराचे सभागृह प्रात्यक्षिकाला देणाऱ्या कमिटीने आधी अहवाल मागावा, मग तारीख द्यावी. फसवणूक झाली असेल तर पावती आणि माहितीपत्रक जपून ठेवा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.