उमेदवारीची वर्षे

शाळा संपवून महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभी असलेली मुलगी घरी सांगते, 'मला अभिनयच करायचा आहे', तेव्हा मध्यमवर्गीय घरात क्षणभर शांतता पसरते. पूर्वी या शांततेमागे लोकापवादाचे भय असे. वाहिन्यांची संख्या वाढली, मालिकांतील प्रसिद्धी आणि पैसा डोळ्यांत भरू लागला, तशी काही घरांत भयाची जागा घाईने घेतली. सरसकट नकार आणि उतावीळ होकार, ही दोन्ही टोके सारखीच घातक आहेत. मुक्ता बर्वे यांच्या वाटचालीतील पहिली वर्षे याबाबत पुष्कळ काही शिकवून जातात.

चिंचवडच्या सामान्य मध्यमवर्गीय घरातील या मुलीने अभिनयाकडे छंद म्हणून नव्हे, तर विद्या म्हणून पाहिले. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात तिने नाट्यशिक्षण घेतले. संगीत, नृत्य आणि नाट्य या कला गुरुकुल पद्धतीने शिकविणाऱ्या या केंद्राची धुरा त्या काळी नाटककार सतीश आळेकर यांच्याकडे होती. 'घडलंय बिघडलंय'सारख्या मालिकेतून तिचा चेहरा घरोघरी पोहोचू लागला, तरी तिने रंगमंच सोडला नाही. 'देहभान', 'फायनल ड्राफ्ट', 'कबड्डी कबड्डी' ही नाटके याची साक्ष देतात. 'फायनल ड्राफ्ट'मध्ये तर शिक्षक आणि विद्यार्थिनी अशी दोनच पात्रे. तेथे चूक झाकायला संकलक नसतो आणि पुन्हा चित्रीकरणाची सोयही नसते.

पुढे 2009 साली 'जोगवा'तील सुली आणि 2010 साली 'मुंबई-पुणे-मुंबई'तील मुंबईकर तरुणी, या दोन टोकांच्या भूमिका तिने पेलल्या. दुसऱ्या चित्रपटाचा जवळजवळ सारा भार दोन पात्रांच्या संवादावर होता. तो पेलण्याचे बळ रंगमंचावरील तालमींतून आले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. यश लाभल्यावरही दिवंगत अभिनेत्री रसिका जोशी यांच्या स्मरणार्थ 'रसिका' ही नाट्यनिर्मिती संस्था उभारून तिने रंगभूमीचे ऋण मानले.

दैनंदिन मालिकेला रोज नवा भाग हवा असतो. कलावंताला घडविण्याइतकी उसंत तिच्याकडे नसते. ती त्याच्याजवळ आधीपासून असलेली शिदोरी वापरते, आणि शिदोरी रिकामी असेल तर वर्ष-दोन वर्षांत तो चेहरा विस्मृतीत जातो. हा दोष माध्यमाचा नव्हे, तयारीविना त्यात उडी घेणाऱ्यांचा आणि त्यांना ढकलणाऱ्या पालकांचा आहे.

म्हणून मुलीने अभिनयाचे नाव काढताच पालकांनी 'किती मिळतील?' असे न विचारता 'शिकणार कोठे आणि किती वर्षे?' असे विचारावे. डॉक्टरकी वा वकिलीसाठी पाच वर्षे आनंदाने देणाऱ्या समाजाने कलेलाही तेवढा अवधी द्यायला हवा. आणि अधूनमधून दूरचित्रवाणी संच बंद करून सहकुटुंब नाट्यगृहाची पायरी चढायला हवी. प्रेक्षागृह भरलेले असेल, तरच उद्याच्या कलावंताला उमेदवारी करायला जागा उरेल.