दुधनेत गळ टाकायचे दिवस

पावसाचा गढूळ लोंढा ओसरला, पाणी निवळलं आणि रब्बी ज्वारीची पेरणी सुरू झाली की बदनापूर तालुक्यात गळ टाकायचे खरे दिवस येतात. ते फार टिकत नाहीत. कमी पावसाच्या वर्षी दुधनेचं पात्र उन्हाळ्याच्या कितीतरी आधीच कोरडं पडतं आणि मासा उरतो तो डोहांत, नाहीतर सोमठाण्याच्या अप्पर दुधना धरणात. गळकऱ्याला सगळ्यात जास्त झुंजवतो तो मरळ. हा मासा हवेतून श्वास घेतो, त्यासाठी पुन्हापुन्हा वर येतो, आणि पाण्यावर उठणारं वलय त्याचा ठावठिकाणा सांगून जातं. पाणवनस्पतींच्या कडेने बेडूक किंवा छोटी मासळी सोडायची ती नेमकी तिथेच. शिवडा अंधार पडल्यावर शिकारीला निघतो. त्याचा जबडा डोळ्यांच्याही मागपर्यंत फाटलेला असतो. नवशिक्या पोरांना गांडुळावर लागणारी चिलापी पुरते, आणि ती त्यांनी हवी तितकी धरावी. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये आली आणि ठिकठिकाणच्या जलाशयांत देशी माशांचं अन्न, जागा बळकावून बसली. शिवड्याची गोष्ट निराळी. जागतिक पातळीवरच्या लाल यादीत तो आता धोक्यातल्या माशांमध्ये मोडतो, म्हणून लहान शिवडा गळाला लागला तर हात ओले करून, गळ अलगद सोडवून तो लगेच पाण्यात सोडायला हवा. मरळाच्या पिल्लांचा तांबूस थवा दिसला तर तिथे गळ टाकूच नये. पिल्लांवर पहारा देणारा मोठा मासा जवळच असतो, आणि तो उचलला की थवा इतर माशांच्या तोंडी जातो.